एसटीतली शेळी आणि बंद पंखे : आमच्या ज्येष्ठ मंडळाने केलेल्या गोष्टींच्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

डोंबिवलीत आमचं ज्येष्ठ मंडळ आहे, दर बुधवारी दुपारी भेटतो. मी त्यात वयाने सगळ्यात लहान, ५८, म्हणून हॉलची चावी, चहाचा हिशोब, पाहुण्यांना आणणं हे सगळं माझ्या गळ्यात. दरवर्षी तेच तेच, डायबेटीसवर लेक्चर, मृत्युपत्रावर लेक्चर, आणि मधे मधे कराओके. या एप्रिलमध्ये म्हटलं काहीतरी वेगळं करू, म्हणून दोन मुली घेतात ते गोष्टी रचायचं आणि वास-स्पर्शाचं वर्कशॉप बोलावलं. चार बुधवार, दोन दोन तास, वीस जणांचे ११ हजार, म्हणजे माणशी सेशनला दीडशेच्या आतच पडले. हॉल आपला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगून झालेल्या आहेत, पण असं घेणारे आता बरेच झालेत, तुमच्या संघात, भिशीत, लायब्ररीत कोणी बोलावणार असेल तर काय बघून घ्यायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

पहिलं सेशन वासाचं. कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्या असतात ना, त्यात कापूस घालून एकेक वास, सुंठ, शिकेकाई, कापूर, रॉकेल, अमृतांजन. डोळे मिटायचे आणि डबी पुढे पास करायची. आमच्या साठेकाकांनी अमृतांजन हुंगलं आणि जे सुटले, वीस मिनिटं खंडाळ्याचा घाट, उलटी होऊ नये म्हणून आई कपाळाला बाम चोळायची ते, आणि मग तो अमृतांजन पूल, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला तो, इंग्रजांच्या काळातला पूल आणि नाव पडलं बामच्या जाहिरातीवरून! त्या मुलींनी सांगितलं ते मला पटलं, वासाची वाट मेंदूत भावना नि आठवणी असतात तिथे थेट जाते, बाकी इंद्रियांना आधी मधल्या एका भागात थांबून जावं लागतं. आमच्या भाषेत वास फास्ट लोकल, बाकीच्या स्लो.

पण गंमत अशी की तीन-चार जणांना वासच येत नव्हता. वयाने कमी होतो, कोविडनंतर काहींचा गेला तो नीट परत आलाच नाही. याची त्यांची काही तयारी नव्हती. एका काकांनी सुंठेची डबी नाकाशी धरून "हो हो, मोगरा" म्हणून पुढे सरकवली, सगळे हसले, आणि त्यांचा चेहरा उतरला तो मी बघितला. अशा वेळी हातात द्यायला दुसरं काहीतरी पाहिजे ना. आणि वास उडून जातो म्हणून पंखे बंद! एप्रिलमध्ये, डोंबिवलीत, दुपारी तीनला. दोघीजणी अर्ध्यातून उठून गॅलरीत जाऊन बसल्या.

दुसरं सेशन पिशवीचं, हे मात्र फुल मार्क. आत बघायचं नाही, नुसता हात घालायचा. गोधडीचा तुकडा, जात्याचा खुंटा, लोकरीचा गुंडा, पाटीवरची पेन्सिल. पेन्सिल हाताला लागल्याबरोबर सत्तरीपुढच्या चौघींनी कबूल केलं की शाळेत ती खायचो, एक तर म्हणाली लग्नानंतर पण खायचे, सासूपासून लपवून. वर्षानुवर्षं शेजारी बसतो आम्ही, हे कधी कोणी बोललं नव्हतं.

इथेच एक चूक झाली ती सांगते. माझ्या सासूबाई ८४ च्या आहेत, विसरतात, मलाही कधी कधी ताई म्हणतात. त्यांच्या हातात गोधडी आली तेव्हा त्यातल्या धाकट्या मुलीने विचारलं, "आजी, आठवतंय का, तुमची गोधडी कोणी शिवली होती?" झालं. आईंनी हात काढून घेतला आणि नंतर तासभर गप्प. आठवतंय का हा प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी परीक्षाच, आणि त्यांना माहितीये की आपण नापास होणार. मी ब्रेकमध्ये जरा चिडूनच बोलले. पण मानलं पाहिजे, तिसऱ्या बुधवारी ती पोरगी बदलून आली.

तिसरं सेशन म्हणजे खरं गोष्ट रचायचं. ही पद्धत मूळची अमेरिकेतली, मिलवॉकीच्या अॅन बास्टिंग म्हणून बाई आहेत त्यांनी १९९०च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांबरोबर सुरू केली, २०१६ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आठवायला सांगायचंच नाही, कल्पना करायला सांगायचं. एक विचित्र फोटो दाखवतात आणि विचारतात हे कोण, कुठे चाललंय, पुढे काय होईल. बरोबर-चूक काही नाही, जो जे बोलेल ते तसंच्या तसं मोठ्या कागदावर लिहायचं आणि मधून मधून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. आमचा फोटो होता लाल एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणारी शेळी.

अर्धा तास नुसता वाद की शेळीचं तिकीट अर्धं की लगेज. आमच्यात एक रिटायर्ड कंडक्टर आहेत, ते असे तापले जसं काही चेकर समोर उभाय. मालवणच्या काकू शेळीच्या आवाजात म्हणाल्या, "माका तिकीट नको, मी उभ्यानच येतंय." अकोल्याच्या आजींनी तिला विचारलं, "कुठी चालली वं माय?" आणि तेव्हा आमच्या आई, तासभर गप्प बसणाऱ्या, एकदम म्हणाल्या, "माहेरी. पण उतरायचा स्टॉप विसरली." हॉल क्षणभर शांत आणि मग असा काही हसला की आई पण हसायला लागल्या. मोठ्या मुलीने ते जसंच्या तसं लिहिलं. कागदावर, जाड मार्करने. मला त्या एका मिनिटाचे ११ हजार वसूल.

आता खरी तक्रार. चौथ्या सेशनला गोष्टीची छापील पुस्तिका देणार होते. छपाईचे २४०० वेगळे, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, ते पण एकवेळ जाऊ दे. पण पुस्तिकेत शेळी म्हणते, "मला तिकिटाची आवश्यकता नाही." आवश्यकता! मालवणी गेली, वऱ्हाडी गेली, सगळ्या शेळ्या पाठ्यपुस्तकातल्या. आणि आईंचं वाक्य होतं त्याजागी "ती आनंदाने माहेरी पोहोचली." का, तर म्हणे शेवट पॉझिटिव्ह असावा. अहो, तुमच्याच पद्धतीचा पहिला नियम तसंच्या तसं लिहायचा ना? मालवणच्या काकूंनी पुस्तिका चाळली आणि विचारलं, "ह्या कोणी बोलला?" उत्तर नव्हतं कोणाकडे.

त्याच दिवशी शाडूची शेळी करायची होती. शाडू घट्ट, संधिवाताची बोटं, अर्ध्या लोकांनी सोडून दिलं. कणीक का नाही दिली? आमच्या बायका डोळे मिटून शेळ्यांचा कळप करून देतील.

एवढं सगळं बोलूनही पाचपैकी चार देतेय, आणि परत बोलावलंय. ऐकून घेतात हा मोठा गुण, पुस्तिका दुसरी छापून देतायत, त्यांच्या खर्चाने, मूळ कागदावरून. तो मोठा कागद मी मागून घेतला, आमच्या फ्रिजला लावलाय, आई येता जाता वाचतात आणि मला विचारतात हे कोणी लिहिलं, मी म्हणते तुम्ही, त्या म्हणतात छे. या वेळी बुकिंग जानेवारीचं केलंय, पंखे बंद ठेवले तरी चालतंय.