जुन्या ०.३१५ रायफलीची दुरुस्ती : कोल्हापुरातील एका परवानाधारक कार्यशाळेचा अनुभव

आमच्या घरातील ०.३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) स्पोर्टिंग रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आल्यानंतर तिच्या दुरुस्तीचे काम मी शहरातील या परवानाधारक कार्यशाळेकडे सोपवले होते. काम पूर्ण होऊन रायफल हाती आली आहे आणि मान्यताप्राप्त रेंजवरील चाचणीतही ती खरी उतरली आहे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या भागांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशी जुनी शस्त्रे बाळगणारे अनेक शेतकरी आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रायफल पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. तिची रचना मुळात पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याने वापरलेल्या ली-एनफील्डची. लष्कराचे ०.३०३ काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस नागरी वापरासाठी घेतले गेले आणि तेच आपल्याकडे ०.३१५ या नावाने रुळले. ०.३०३ आजही प्रतिबंधित बोअरमध्येच, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या गटात, मोडते. मात्र सांगाडा एकच असल्यामुळे एका रायफलीचे भाग दुसरीवर वरवर सहज चढतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. आमच्या रायफलीच्या बॉडीवर (मधल्या धातूच्या सांगाड्यावर) एक क्रमांक होता, बोल्टवर (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर) दुसराच. पुढचे लाकूड लष्करी नमुन्याचे आणि मागचा दस्ता तिसऱ्याच रंगाचा. पूर्वी अन्यत्र झालेल्या दुरुस्तीत हाताला लागेल तो भाग बसवून दिला गेला होता, हे उघड दिसत होते.

कार्यशाळेत रायफल पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वी परवाना आणि त्यावरील यूआयएन हा ओळख क्रमांक तपासला गेला, नोंदवहीत बॉडी व बोल्ट या दोन्हींचे क्रमांक जसेच्या तसे लिहिले गेले आणि मगच शस्त्र टेबलावर आले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो आणि शस्त्रावरील ओळखखुणा मिटवणे हा गुन्हा आहे. तरीही जुना क्रमांक घासून सगळे भाग एकाच क्रमांकाचे करून द्या, अशी मागणी घेऊन लोक येतात, असे मालकांनी सांगितले. ती मागणी ते दारातच नाकारतात. माझ्या मते या कार्यशाळेवर विश्वास टाकण्याचे पहिले कारण हेच आहे.

खरे कौशल्य दिसले ते बोल्टच्या कामात. ली-एनफील्डचा बोल्ट त्याच्या मागच्या भागातील दोन आधारांवर अडकतो आणि कारखान्यात तो त्या-त्या बॉडीशी जुळवून बसवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर तो सरकतो, बंद होतो, चापही ओढता येतो; पण बाराचा सगळा दाब एकाच आधारावर येण्याची शक्यता राहते. कारागिरांनी दोन्ही आधारांना निळ्या मार्किंग पेस्टचा अगदी पातळ हात दिला, बोल्ट बंद करून उघडला आणि भिंगाखाली मला दाखवला : उजवीकडची निळाई जवळजवळ पुसली गेली होती, डावीकडची मात्र लावली तशीच ओली होती. त्यानंतरचे काम कानशीने नव्हे, तर बारीक दगडाने, दर वेळी पुन्हा निळाई लावून, दोन्ही बाजूंना सारखा डाग उमटेपर्यंत चालले.

पुढचा प्रश्न हेडस्पेसचा, म्हणजे काडतुसाची कड नळीच्या मागच्या तोंडावर जिथे टेकते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतच्या अंतराचा. हे अंतर जास्त असले की बार उडताना काडतुसाची पितळी केस (बाहेरचे कवच) मागे ताणली जाते. मी नेलेल्या जुन्या रिकाम्या केसांवर बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडे उमटलेले होते. ते बघताच त्यांनी, ही रायफल आहे त्या स्थितीत पुन्हा झाडू नका, असे बजावले. या रचनेत बोल्टचे डोके वेगळे, आटे पाडून बसवलेले असते, त्यामुळे बोल्ट न बदलता योग्य लांबीचे डोके निवडून, गेज लावून अंतर जुळवता आले. चाचणीनंतरच्या केसांवर ते कडे दिसले नाही.

लाकडाच्या बाबतीतही हीच शिस्त. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचे (हा स्क्रूसारखा बोल्ट, वर सांगितलेला सरकता बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते; पुढचे लाकूड आधी न उतरवता तो फिरवला तर लाकूड आतून फाटते, आणि आमच्या रायफलीत तशी जुनी चीर होतीच. ती साफ करून चिकटवली गेली, बॉडीचा धक्का ज्या दोन जागी लाकडावर येतो त्या दोन्ही सारख्या टेकवल्या गेल्या, आणि वरून वॉर्निशऐवजी जवसाच्या तेलाचे हात दिले गेले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, हे लक्षात घेता हा निर्णय मला योग्य वाटतो. नळीला नवी झळाळी आणण्याचा मोह त्यांनी टाळला. उद्यमनगरच्या लेथवर ज्या गावाने मापाची नजर कमावली आणि ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत व स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे रायफल नेमबाज दिले, तिथे असे काम होते याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कामाला सांगितल्यापेक्षा बराच अधिक वेळ लागला आणि विचारल्याशिवाय कोणी कळवले नाही. पावती मिळाली, परंतु कोणता भाग बदलला आणि कोणते माप आले याची लेखी टिपण मला मागून घ्यावी लागली. ती प्रत्येक ग्राहकाला न मागता मिळायला हवी, कारण उद्या ही रायफल ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी तोच खरा कागद आहे. खर्चाचा अंदाज मात्र आधी दिला होता आणि अखेरची रक्कम त्याच्या बाहेर गेली नाही. रायफल नेताना परवान्याची मूळ प्रत आणि जुन्या रिकाम्या केसा असल्यास त्या अवश्य सोबत न्याव्यात, तसेच निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकतात, हे ध्यानात ठेवून कामाची वेळ ठरवावी.