जर्मनीच्या सरकारी विद्यापीठातलं मॅनेजमेंटचं एमएस्सी: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

तीन सेमिस्टर पुरी झाली, चौथं थीसिसचं चालू आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' ही जाहिरात अर्धीच खरी आहे, हे आता खात्रीने सांगता येतं. फी जवळपास नसते, पण फीचे वाचलेले पैसे आणि वेळ जर्मन भाषेत घालावे लागतात. ती तयारी नसेल तर दुसऱ्या वर्षी गाडी अडते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरीही.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे परदेशातल्या मॅनेजमेंटला सरसकट एमबीए म्हणतात. जर्मनीत एमबीए हा नोकरीचा अनुभव असलेल्यांचा, भरपूर फीचा कोर्स आहे. मानहाइम बिझनेस स्कूल किंवा बर्लिनच्या ईएसएमटीसारख्या ठिकाणी तो चाळीस हजार युरोंच्या घरात किंवा त्याहून वर जातो. सरकारी विद्यापीठातलं एमएस्सी इन मॅनेजमेंट वेगळं: १२० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), चार सेमिस्टर, अनुभवाची अट नाही. बहुतेक राज्यांत फक्त सेमिस्टर शुल्क लागतं, साधारण १०० ते ४०० युरो. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये मात्र २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून त्यांनाच मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत. यादी करताना हे दोन अपवाद लक्षात ठेवा.

अर्जात आपली मुलं सर्वांत जास्त कुठे आपटतात, तर विषयांच्या क्रेडिटवर. हा कोर्स बहुतेक ठिकाणी 'कॉन्सेक्युटिव्ह' असतो, म्हणजे पदवीतच अकाउंट्स, फायनान्स, मार्केटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांचे ठरावीक ईसीटीएस हवेत. बीई झालेल्यांकडे मॅनेजमेंटचा एखाददुसरा पेपर असतो आणि गुण कितीही चांगले असले तरी अर्ज छाननीतच बाद होतो. त्यांनी औद्योगिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन असे जोडकोर्स बघावेत. बीकॉम, बीबीए, बीएमएसवाल्यांनी हिशोब स्वतः मांडावा: तीन वर्षांची पदवी म्हणजे १८० ईसीटीएस धरतात, त्यामुळे तुमची पदवी १२० क्रेडिटची असेल तर ४ क्रेडिटचा पेपर ६ ईसीटीएसचा होतो. प्रत्येक पेपर विद्यापीठाच्या कोणत्या गटात बसतो ते तक्त्यात लिहा आणि सोबत कॉलेजच्या सहीशिक्क्याचा अभ्यासक्रम जोडा. 'बिझनेस मॅथ्स' नुसतं नावावरून कुणी मान्य करत नाही, आतले धडे बघतात. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठांना चालते, काहींना नाही, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी ईमेलने विचारून घ्या.

गुण बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, उत्तीर्ण ४ असेल तर उत्तर १.९ येतं. शंभरपैकी ६८ टक्के आणि उत्तीर्ण ४० असेल तर २.६. इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम पास. चांगल्या विद्यापीठांत अडीचच्या पुढचा अर्ज जीमॅट या प्रवेशपरीक्षेतल्या चांगल्या स्कोअरशिवाय टिकणं अवघड असतं.

कागदपत्रांचा क्रम चुकला की अख्खं वर्ष जातं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. फी १८,००० रुपये, कागद दिल्लीला जातात आणि उत्तराला कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका हातात पडताच अर्ज टाका. युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामायिक संस्थेमार्फत अर्ज असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची तारीख १५ जुलै म्हणून सगळीकडे सांगितली जाते, पण मॅनेजमेंटच्या बऱ्याच कोर्सेसची मुदत एप्रिल-मेमध्येच संपते.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे ती नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि पुढे आईचं नाव असतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुमच्या नावाला चिकटलेलं असतं, आईचं नसतं. एपीएस, विद्यापीठ, विमा, बँक सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की पुढे विमा कंपनीची नोंद विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही आणि प्रवेश निश्चित व्हायला उशीर लागतो.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तिथून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पैसे कर्जाचे नसून घरचे असतील तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो, आणि ज्यांच्या खात्यातून पैसे जातात त्यांच्याच पॅनवर तो जमा होतो. म्हणजे वडिलांच्या खात्यातून पाठवले तर रिटर्नमध्ये तो वडिलांनीच दाखवायचा. आणखी एक बदल अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही: व्हिसा नाकारला गेला तर दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर कोर्टात जायचं. त्यामुळे 'हाच कोर्स का' हे पत्र इंटरनेटवरून उचलू नका.

विम्याचा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो आणि तो मागे घेता येत नाही. तिशीच्या आत असाल तर सरकारी आरोग्य विमा विद्यार्थी दरात मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. खाजगी विमा स्वस्त दिसतो म्हणून सरकारीतून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत येता येत नाही. दाताचं किंवा जुन्या दुखण्याचं बिल आलं की त्या स्वस्ताईची किंमत कळते. सरकारीच घ्या.

घर मिळाल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. खोली बघताना 'नोंदणीचं पत्र देणार का' हा पहिला प्रश्न ठेवा, भाडं दुसरा. नोंदणीनंतर करक्रमांक पोस्टाने येतो. तो नोकरीच्या ठिकाणी वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जड, कर कापला जातो. आणि हे पोस्ट हातात पडायला पत्रपेटीवर तुमचं आडनाव हवं. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. इमारतीच्या दाराशी पेट्यांची रांग असते, पोस्टमन पाकिटावरचं आडनाव पेटीवर शोधतो, सापडलं नाही तर पत्र परत. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्यात. दोन्ही परत गेली की महिना वाया. राहायला गेल्या दिवशीच कागदावर ठळक आडनाव लिहून चिकटपट्टीने लावा. पाटी मागाहून होईल. वसतिगृहासाठी श्टुडिरेंडेनवेर्क या वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेकडे प्रवेशपत्र आल्या दिवशी अर्ज करा, आणि खोली न बघता कुणालाही अनामत पाठवू नका.

आता प्रत्यक्ष शिक्षण. केस स्टडी, गटचर्चा, प्रेझेंटेशन अशी अपेक्षा ठेवून आलात तर पहिलं सेमिस्टर अंगावर येतं. इथलं व्यवस्थापनशास्त्र संशोधनाच्या अंगाने शिकवतात: रिग्रेशनसारखं संख्याशास्त्र, आर आणि स्टाटा ही त्याची सॉफ्टवेअरं, शोधनिबंधांचं वाचन. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे सेमिस्टरच्या ३० ईसीटीएसला ७५० ते ९०० तास. हजेरी बहुतेक व्याख्यानांना नसते आणि इथेच आपली सवय घात करते. अंतर्गत गुण नाहीत, चाचण्या नाहीत. फेब्रुवारीत ६० किंवा ९० मिनिटांचा एक पेपर आणि बऱ्याच विषयांत तोच शंभर टक्के निकाल. मागचे पेपर विद्यार्थी संघटनेकडे मिळतात, ते नोव्हेंबरपासूनच सोडवायला घ्या.

परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते. कोर्सला बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं होत नाही. खिडकी दोन-तीन आठवडे उघडी असते, नंतर कुणी ऐकत नाही. तसंच नाव काढून घेण्याचीही मुदत असते. ती उलटल्यावर गैरहजर राहिलात तर नापास धरतात आणि एक संधी जाते. संधी मोजक्या असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. अनिवार्य विषयात शेवटचीही गेली तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि त्याच शाखेत दुसरीकडे प्रवेश मिळणंही अवघड होतं. आजारी असाल तर परीक्षेच्याच दिवशी डॉक्टरकडे जा, दुसऱ्या दिवशीचं प्रमाणपत्र सहसा चालत नाही.

कामाचे नियम मार्च २०२४ पासून सैल झाले: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. प्राध्यापकाच्या हाताखालचं सहायकाचं काम यात मोजत नाहीत, म्हणून ते मिळत असेल तर सोडू नका. कंपन्यांत 'वेर्कश्टुडेंट' म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी म्हणून सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. इंटर्नशिपच्या जाहिरातीत 'अनिवार्य इंटर्नशिप' अशी अट दिसेल. ती अभ्यासक्रमात असेल तर किमान वेतन लागू होत नाही, म्हणून कंपन्यांना असे विद्यार्थी परवडतात. कोर्स निवडतानाच माहितीपत्रकात ती आहे का ते बघा. नसेल तर अर्ध्या जागांचं दार बंद होतं.

आणि इथेच जर्मन आडवी येते. डेटा किंवा आयटीची जागा इंग्रजीवर निघते, पण मार्केटिंग, एचआर, कंट्रोलिंग (खर्च-बजेटचा हिशोब), विक्री या मॅनेजमेंटच्या मूळ जागांना बी२, बऱ्याचदा सी१ मागतात (भाषेच्या पातळ्या ए१पासून सी२पर्यंत चढत जातात). एक्सेलची शीटं जर्मन, ईमेल जर्मन, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा जर्मन. 'तिथे गेल्यावर शिकू' हा सल्ला चुकीचा आहे. ३० ईसीटीएस आणि नोकरी सांभाळून ए१पासून सुरुवात करणाऱ्याचं गाडं ए२च्या पुढे क्वचितच जातं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईतही मॅक्स म्युलर भवन आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून लागलात तर बी१ घेऊन विमानात बसता येतं, आणि ते जीमॅटच्या पन्नास वाढीव गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं असं माझं ठाम मत आहे.

एजंटांबद्दल. सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, खाजगी देतात. म्हणून 'तुमच्या प्रोफाइलला हेच बसतं' म्हणत बर्लिनचं खाजगी कॉलेज पुढे केलं जातं. सगळी वाईट नाहीत, पण सही करण्याआधी राज्याची मान्यता तपासा आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की ऑनलाइन, हे लेखी घ्या. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या कोर्सवर विद्यार्थी परवाना मिळत नाही, आणि फी मात्र तोवर गेलेली असते.

पदवीनंतर १८ महिन्यांचा नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो, त्यात कुठलंही काम करता येतं. ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्याला, २०२५ मध्ये नव्या पदवीधरांसाठी वार्षिक पगाराची मर्यादा ४३,७५९.८० युरो होती. ती दर जानेवारीत बदलते. थीसिस कधी जमा करायची हे याच हिशोबाने ठरवा. अंतिम निकाल अधिकृतपणे कळवला जातो तो महिना संपला की वेर्कश्टुडेंटची सवलत संपते आणि त्याच नोकरीत पगारातून पूर्ण विमा कापायला लागतो. परदेशी नागरिक कार्यालयाची भेटीची तारीख मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने मिळत नाही, म्हणून अर्ज थीसिस जमा केल्या आठवड्यातच, जुना परवाना चालू असताना, ऑनलाइन टाकावा आणि त्याची पोच छापून पासपोर्टसोबत ठेवावी.