घरी पोटातलं डायलिसिस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या किडन्या मधुमेहाने निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. एक मशीनवरचं डायलिसिस: आठवड्यातून तीनदा, दर खेपेला साधारण चार तास. आमच्या कोकणातल्या गावाहून त्यासाठी रुग्णालयात जायचं म्हणजे पावसाळ्यात सगळा दिवसच गेला. दुसरा पर्याय घरी करायचं पोटातलं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी. आम्ही तेच घेतलं, आणि आज विचारलंत तरी तेच घेऊ.

निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. सीएपीडीत ही गाळणी पोटाच्या आतल्या पातळ अस्तराकडून करून घेतात. बेंबीजवळ मऊ नळी बसवतात. तिच्यातून दोन लिटर ग्लुकोजचं पाणी पोटात सोडायचं आणि चार-सहा तास आत ठेवायचं. रक्तातली युरिया, क्रिएटिनिन अशी टाकाऊ द्रव्यं त्यात उतरतात, ग्लुकोज अंगातलं जादा पाणी ओढून घेतं. मग ते काढून नवीन भरायचं, दिवसातून चार वेळा. पिशवी वर टांगली की पाणी आपोआप उतरतं, खाली ठेवली की बाहेर येतं. वीज गेली तरी अडत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे फार मोठं सुख आहे.

खरी परीक्षा स्वच्छतेची. दार-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, दोघींच्या तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. नळीचं टोक कशालाही लागता कामा नये. बाहेर आलेलं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं हवं. मी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवते, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. आई रोज विचारते, "स्वच्छ आहे ना गं?" एकदा अक्षरं दिसेनात, पोटही दुखत होतं. ती पिशवी तशीच घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठलं. पोटात जंतुसंसर्ग झाला होता. प्रतिजैविकं पिशवीतूनच पोटात दिली आणि तो आटोक्यात आला. गढूळ पाणी दिसल्यावर सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

बाकी त्रासही आहेत. ग्लुकोज अंगात मुरतं, त्यामुळे साखर वाढली आणि इन्सुलिन वाढवावं लागलं. पाण्यावाटे रोज प्रथिनं जातात, म्हणून अंडं, मासे ताटात हवेतच. मासे खाणाऱ्या घरात याची चिंता कमी. बद्धकोष्ठ झालं की पाणी नीट निघत नाही. महिन्याची खोकी ठेवायला अर्धी खोली लागते, आणि खर्चाची आधीच चौकशी करा.

पण आईला आता पथ्य थोडं सैल आहे, मशीनवरच्या काही जणांसारखा प्रत्येक खेपेनंतरचा गळाठा नाही, आणि थोडी लघवी अजून होते. ती उरलेली लघवी फार मोलाची. म्हणून गुडघे कितीही दुखले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी मी देत नाही, तिने उरलीसुरली किडनीही बिघडू शकते.

घरात हे सगळं रोज त्याच काटेकोरपणे करणारं एक माणूस, आणि तो आजारी पडला तर शिकलेलं दुसरं, अशी दोन माणसं नसतील तर मशीनच बरं. आमच्याकडे धाकट्या वहिनीने शिकून घेतलंय.