ऑक्सिजन की प्राणवायू?

आठवीच्या मुलांसाठी हवेवर टिपण लिहिणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले, की ‘ऑक्सिजन’ लिहावे की ‘प्राणवायू’. दोन्ही शब्द रूढ असल्याने व्युत्पत्ती, अचूकता आणि पुढचे शब्द घडवण्याची सोय या कसोट्यांवर ते पारखलेले बरे.

‘ऑक्सिजन’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए यांनी १७७७ च्या सुमारास ‘आंबट’ आणि ‘निर्माण करणारा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडवले, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्यांची समजूत होती. आज आपण ज्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो त्यात ऑक्सिजन नसल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. नाव मात्र टिकले. म्हणजे व्युत्पत्तीपुरता हा शब्द चुकीचाच आहे.

‘प्राणवायू’ श्वासाशी थेट नाते सांगतो आणि ऐकताक्षणी कळतो. परंतु आयुर्वेदातील पाच वायूंपैकी ‘प्राण’ ही निराळी संकल्पना आहे आणि मुलांचा तेथे गोंधळ होतो. शिवाय उणे १८३ अंश सेल्सिअसला हा पदार्थ द्रव होतो, तेव्हा ‘द्रवरूप प्राणवायू’ असे लिहिणे मला फार खटकते.

शब्दघडणीत ऑक्सिजन निःसंशय सरस आहे, कारण ऑक्साइड, डायऑक्साइड हे शब्द त्यातूनच येतात. गंजलेल्या खिळ्यावरच्या तांबूस थरातही ऑक्सिजन आहे, पण तेथे ‘प्राणवायू’ म्हणायला जीभ वळत नाही.

म्हणून समीकरणे आणि संयुगे शिकवायची असतील तर ‘ऑक्सिजन’ घ्यावा. श्वसनाविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी किंवा रुग्णाच्या घरच्यांसाठी लिहिताना ‘प्राणवायू’ अधिक जवळचा वाटतो.