बाटलीत साखर की केगमध्ये गॅस?

घरच्या बिअरला फेस आणायचे रस्ते दोन. पहिला साखरेचा. लिटरमागे साधारण 6 ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून बिअरमध्ये मिसळायची आणि बाटल्यांना बूच लावून दोन आठवडे थांबायचं. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, गॅस आतच अडकतो. खर्च जवळपास शून्य. पण पुण्यातला डिसेंबर आणि एप्रिल एक नव्हेत! डिसेंबरात माझ्या बाटल्या तीन आठवडे मुक्या बसल्या, शेवटी गोधडीत गुंडाळल्या. एप्रिलात आंबणं पुरतं संपायच्या आत मीच बाटल्या भरल्या. भर दुपारी माळ्यावर फाट्‌कन आवाज. आई म्हणाली, "दिवाळी आत्ताच का रे?" ग्रॅव्हिटी, म्हणजे बिअरची घनता (साखर आंबत जाते तशी उतरते), लागोपाठ तीन दिवस तीच आल्याशिवाय बाटली भरत नाही आता.

दुसरा रस्ता केग (बिअरचं धातूचं पिंप) आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा. 4 अंशांना 12 पीएसआय (दाबाचं एकक), आठवड्याभरात काम फत्ते. कमी वाटलं तर दाब वाढवा. तळाशी गाळही फारसा नाही. फक्त पैसे लागतात, आणि फ्रिजमध्ये केग ठेवायला घरच्यांची परवानगी.

मी बाटलीवरच आहे. मात्र जाड काचेच्या, आणि साखर चमच्याने नाही, काट्यावर मोजून.