परदेशातील कंत्राटी कामाचा हिशेब: चोवीस महिने चालवलेल्या रोजकीर्दीचा अनुभव

एप्रिल २०२४ ते मार्च २०२६ अशी दोन वर्षे मी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे राहून स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पोलादी सांगाड्यांचे आराखडे काढण्याचे काम केले. पती तेथे स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीस होते आणि त्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला स्वयंरोजगाराची मुभा असल्याने मला कामे घेता आली. या काळातील सारी जमा, सारा खर्च आणि दोन्ही देशांतील कराचा हिशेब मी एकाच स्प्रेडशीटमध्ये सांभाळला. तिची मांडणी मी आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या रोजकीर्दीवरून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीवरून, घेतली होती. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्यांचे गुळाचे अडत दुकान होते आणि शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, व्यापाऱ्याची येणी हे सारे ते त्याच दिवशी, दुकान बंद करण्यापूर्वी लिहून काढत. आता राजारामपुरीतील घरी परत आल्यावर, दोन्ही वर्षांची कीर्द समोर ठेवून हा अनुभव लिहीत आहे.

सुरुवात मात्र मी रोजकीर्दीने केली नव्हती. पहिले तीन महिने मी मासिक वर्गणीचे एक अ‍ॅप वापरले. पावतीचा फोटो काढला की रक्कम आणि तारीख ते आपोआप उचलून घेत असे. जुलैमध्ये बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा घेताना लक्षात आले की पाच जूनची पावती सहा मे या तारखेला नोंदली गेली आहे, कारण अ‍ॅपने आधी महिना आणि मग दिवस असा क्रम गृहीत धरला होता. तेव्हा त्याने काही बिघडले नाही. पण ब्रिटनचे करवर्ष ५ एप्रिलला संपते, आणि पाच एप्रिलची पावती अशाच रीतीने चार मे या तारखेला गेली असती तर तो खर्च सरळ पुढच्या वर्षात पडला असता. आण्णांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अगं, तारीख आपल्या हातानं लिहायची असते." त्याच आठवड्यात मी अ‍ॅप बंद केले.

माझ्या कीर्दीत दर व्यवहाराची एक ओळ आहे आणि तिचे नऊ रकाने आहेत: तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, जमा, नावे, चलन, खर्चाचा प्रकार, पावतीचा क्रमांक, काम कोठे बसून केले, आणि त्या दिवशी मी कोणत्या देशात होते. खतावणी, म्हणजे प्रकारवार बेरीज, दुसऱ्या पानावर आपोआप तयार होते. ६ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी रोख पद्धत हीच मूळ पद्धत झाली आहे, म्हणजे पैसे प्रत्यक्ष हाती आले किंवा गेले तेव्हाच नोंद करायची. बिल पाठवल्याची तारीख गौण ठरते. रोजकीर्द याच तत्त्वावर चालत असल्याने मला तिच्यात काही बदल करावा लागला नाही.

दोन देशांची दोन वर्षे जुळवणे ही मला सर्वांत मोठी अडचण वाटत होती. भारताचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि ब्रिटनचे ५ एप्रिलला, म्हणून पाच दिवसांचे व्यवहार दोनदा वेगळे काढावे लागतील असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात धंद्याचा हिशेब ३१ मार्चला बंद केला तरी तेथील नियम तो ५ एप्रिललाच बंद झाला असे मानतात. त्यामुळे मी दोन्ही वर्षी ३१ मार्चला रात्री खाते मिटवले, जसे आण्णा आयुष्यभर मिटवत आले. ही सोय केवळ धंद्याच्या नफ्यासाठी आहे, बँकेच्या व्याजाला ती लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खर्चाच्या बाबतीत तेथील कसोटी कडक आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असला पाहिजे. स्वतःच्या मोटारीने कामाच्या ठिकाणी गेल्यास वर्षाच्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स धरता येतात. मी पहिल्या वर्षी २,१४० मैल फिरले, त्याचे ९६३ पौंड झाले. घरातून महिन्याला १०० तासांहून अधिक काम केल्यास दरमहा २६ पौंड सरसकट मिळतात, आणि वीजबिलाची वाटणी करत बसण्यापेक्षा मला ते सोयीचे वाटले. साइटवरचे सुरक्षा बूट चालतात, रोजचे कपडे चालत नाहीत. काम सुरू होण्याच्या दोन महिने आधी निघण्याच्या गडबडीत कोल्हापुरात घेतलेल्या लॅपटॉपची पावती मी जपून नेली होती. धंदा सुरू होण्यापूर्वीच्या सात वर्षांतील असा खर्च पहिल्या दिवशी झाला असे धरता येत असल्याने ती उपयोगी पडली. कोल्हापूरला येण्याजाण्याचे विमानभाडे खर्चात धरले का, असे आण्णांनी विचारले होते. येताना मी एका जुन्या ग्राहकाच्या शिरोलीतील कारखान्यात एक दुपार जाऊन आले होते खरी, परंतु प्रवासाचा हेतू घरी येणे हाच होता, म्हणून ते भाडे मी धरले नाही, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

आता पैशांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नवीन कंत्राटदाराची खरी ओढाताण येथेच होते. पहिल्या वर्षी माझी जमा ३१,२०० पौंड आणि खर्च ४,६३० पौंड झाला. नफा २६,५७० पौंड. त्यातील १२,५७० पौंड करमुक्त. उरलेल्या १४,००० वर २० टक्के आयकर म्हणजे २,८०० आणि ६ टक्के राष्ट्रीय विमा (नॅशनल इन्शुरन्स, करासोबतच भरायची सक्तीची वर्गणी) म्हणजे ८४०, असे एकूण ३,६४० पौंड देणे निघाले. हे मी मे २०२५ मध्येच विवरणपत्र भरून जाणून घेतले होते, कर भरण्याची मुदत मात्र ३१ जानेवारी २०२६ होती. त्या दिवशी प्रत्यक्षात ५,४६० पौंड भरावे लागले, कारण तेथील महसूल खाते पुढील वर्षाच्या करापोटी मागील कराच्या निम्मी रक्कम त्याच दिवशी आगाऊ घेते आणि उरलेली निम्मी ३१ जुलैला. कर १,००० पौंडांपेक्षा कमी असेल किंवा त्यातील ८० टक्क्यांहून अधिक आधीच कापला गेला असेल तर हे आगाऊ हप्ते लागत नाहीत. माझे तसे नव्हते. आण्णांच्या सांगण्यावरून मी पहिल्या बिलापासून प्रत्येक जमेचे २० टक्के त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकत आले होते. वर्षभरात ते ६,२४० पौंड झाले, त्यामुळे जानेवारीत कोणाकडे हात पसरावा लागला नाही. माझ्यासारखेच काम करणाऱ्या एका मैत्रिणीने केवळ ३,६४० च्या हिशेबाने पैसे ठेवले असते तर तिची काय अवस्था झाली असती, याचा विचार माझ्या मनात अनेकदा आला आहे. मूल्यवर्धित कराची नोंदणी ९०,००० पौंडांच्या उलाढालीपुढे लागते, तेव्हा त्याचा प्रश्नच आला नाही.

भारताकडील बाजू लहान होती, पण दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे भारतातील उत्पन्न ठेवण्याचे खाते, करून घ्यावे लागते. आमच्या शाखेत त्यासाठी आण्णांना चार खेपा माराव्या लागल्या आणि प्रत्येक वेळी नवा कागद मागितला गेला. एनआरओ ठेवींच्या ७२,००० रुपये व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे २२,४६४ रुपये, कापले गेले. माझे भारतातील उत्पन्न एवढेच असल्याने विवरणपत्र भरून ते सर्व परत मिळाले. हेच व्याज, सुमारे ६७० पौंड, ब्रिटनच्या विवरणपत्रातही दाखवले. तेथे मूळ दराने, म्हणजे २० टक्क्यांनी, कर भरणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर लागत नाही. भारतातील कर परत मिळाल्यावर तेथे त्याची वजावट मागता येत नाही, म्हणून मी ती मागितली नाही.

या सर्व रकान्यांपैकी सर्वांत मोलाचा ठरला तो देशाचा रकाना. २०२५ च्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरला ३४ दिवस होते. त्या काळात मी जाणीवपूर्वक एकही काम घेतले नाही, कारण भारतात बसून केलेल्या कामाचे उत्पन्न अनिवासी व्यक्तीलाही येथे करपात्र ठरू शकते. पुढे पतींचे काम संपत आल्यावर मी कायमचे परतण्यासाठी २० फेब्रुवारी २०२६ चे तिकीट पाहिले होते. लक्ष्मीपुरीतील आमच्या सीएंना कीर्द पाठवली, तेव्हा त्यांनी फोन करून तिकीट न काढण्यास सांगितले. भेटीला येणाऱ्या अनिवासी भारतीयाला मिळणारी १८२ दिवसांची सवलत कायमचे परतणाऱ्याला लागू होत नाही. त्याच्यासाठी मूळ नियम असा की वर्षात ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात वास्तव्य झाले असेल तर तो निवासी ठरतो. मागील चार वर्षांचे दिवस माझे सहज भरत होते. २० फेब्रुवारीला आले असते तर ३४ आणि ४० मिळून ७४ दिवस झाले असते आणि इंग्लंडमधील पूर्ण वर्षाची कमाई भारतात करपात्र ठरली असती. तेथे भरलेल्या कराची वजावट दोन्ही देशांमधील करविषयक करारानुसार मिळाली असती, त्यासाठी फॉर्म ६७ भरता आला असता, परंतु विवरणपत्रातील परकीय मालमत्तेची अनुसूची आणि दोन देशांच्या कराची जुळवाजुळव हे सारे पाठीमागे लागले असते. मी ९ मार्चला उतरले. ३४ आणि २३, एकूण ५७ दिवस.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकच रकाना तारखेप्रमाणे लावताना बाकीचे रकाने जागीच राहिले आणि तारखांची रकमांशी फारकत झाली. बँकेच्या स्टेटमेंटवरून सर्व पुन्हा जुळवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून दर रविवारी तारीख घालून एक प्रत वेगळी ठेवते. दुकानातील छापील पावत्या सहा महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांचा फोटो लगेच काढावा लागतो. शिवाय पहिल्या वर्षाचे कागद ३१ जानेवारी २०३१ पर्यंत सांभाळणे बंधनकारक आहे. थकीत बिलाची आठवण ही कीर्द करून देत नाही. आणि आता जे निघणार आहेत त्यांनी हेही पाहावे की ६ एप्रिल २०२६ पासून ५०,००० पौंडांहून अधिक उलाढाल असलेल्यांना तिमाही नोंदी मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमधून पाठवाव्या लागतात, आणि एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० वर येते. मर्यादा जमेवर मोजली जाते, नफ्यावर नव्हे. स्प्रेडशीट तेव्हाही चालेल, पण तिला जोडणारे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल.

दुसऱ्या वर्षाचा नफा २४,९०० पौंड झाला आहे, म्हणजे कर सुमारे ३,२०६ पौंड. जानेवारीत १,८२० आगाऊ गेलेच आहेत. विवरणपत्राची मुदत ३१ जानेवारी २०२७ असली तरी ते मी जूनमध्येच भरणार आहे, म्हणजे जुलैचा हप्ता १,८२० ऐवजी सुमारे १,३८६ पौंडांचा होईल. तेवढ्यासाठी इंग्लंडमधील ते बचत खाते अजून उघडे ठेवले आहे.