मेमरी कार्डाला ‘क्लीन रूम’ लागत नाही! 21,830 रुपयांचा गंडा

वहीगायनाच्या (डफावरच्या खान्देशी लोकगायनाच्या) कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग परत काढून देतो म्हणत, पुण्याचा पत्ता देणाऱ्या एका ‘डेटा रिकव्हरी’वाल्याने आमच्या मंडळाचे 21,830 रुपये उकळले. तपासणी 1,500, क्लीन रूम (धूळमुक्त खोली) 12,500, ‘डोनर कंट्रोलर’ (कार्ड चालवणारी बदली चिप) 4,500 आणि वर 18 टक्के जीएसटी 3,330. जीएसटी घेतला, बिल दिलं नाही. पैसे वैयक्तिक यूपीआयवर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

बिघाड मुळात साधा. रेकॉर्डर अडॅप्टरवर चालू, आत सेल नाहीत, आणि शेवटच्या वहीला, म्हणजे गाण्याला, जनरेटर बंद पडला. डब्ल्यूएव्ही या ध्वनी-फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, आवाजाची लांबी लिहिलेली असते. ती आणि कार्डाच्या यादीतला फाइलचा आकार रेकॉर्डिंग थांबवल्यावर पक्के होतात. त्याआधी वीज गेली की फाइल 0 बाइट दिसते, आवाज मात्र कार्डावर तसाच पडून असतो. (अडॅप्टर असला तरी सेल घालाच.)

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. त्याने स्क्रीनशॉट पाठवला: कार्ड 29.7 जीबी. 32 जीबीचं कार्ड विंडोजमध्ये एवढंच दिसतं. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे. आणि त्याच्याच खाली मेसेज, ‘कंट्रोलर जळालाय, क्लीन रूममध्ये उघडावं लागेल.’ एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक! क्लीन रूम लागते हार्ड डिस्क उघडायला, कारण तिथं फिरत्या तबकडीवर हेड नॅनोमीटरच्या अंतराने तरंगतं आणि धुळीचा कणही घात करतो. कार्डात फिरतंय काय?

पण ‘कार्डाला हात लावू नका, वर काही लिहिलं गेलं तर सगळं जाईल’ हे त्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. प्रामाणिक तंत्रज्ञही हेच सांगतो. त्यावर भरवसा बसला तर त्यात आमचं काय चुकलं? गायक थकलेले, तसा कार्यक्रम पुन्हा होणं नाही. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, आणि या लोकांना तेच हवं असतं.

परत काय आलं? 1.06 जीबीची फाइल. आमची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ. सेकंदाला 2,88,000 बाइट, म्हणजे 1 तास 40 मिनिटांचे 1.73 जीबी व्हायला हवेत. 1.06 हा आकडा 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटचा. ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या वारंवारतांचं चित्र) लावला तर 16 किलोहर्ट्झच्या वर कापल्यासारखं काळं, दाबून लहान केलेल्या आवाजात दिसतं तसं. डावा चॅनल उलटा करून उजव्यात मिसळला तर पूर्ण शांतता. म्हणजे दोन्हीकडे तोच आवाज. आमच्या डाव्या माइकवर गायक आणि उजव्यावर डफ होता. कुणीतरी मोबाइलवर काढून इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ, त्याचाच आवाज डब्ल्यूएव्ही करून आम्हाला विकला! सोबत परत आलेलं आमचं कार्ड हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडलं तर सगळे शून्य. साध्या क्विक फॉरमॅटने असं होत नाही, मुद्दाम पुसलं.

म्हणून मूळ कार्ड कुरिअरने पाठवू नका. कार्डाची खिट्टी लॉकवर करा, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण इमेज (कार्डाची हुबेहूब प्रत) काढा, तिचा एसएचए-256 हॅश (डिजिटल ठसा) लिहून ठेवा, तंत्रज्ञाला प्रत द्या. आधी घरीच बघा: इमेजवर फोटोरेक हा फाइली शोधून काढणारा प्रोग्राम चालवा, फुकट आहे. हेडरमुळे फाइल तोकडी निघाली तर इमेजचा तो भाग ऑडॅसिटीत ‘रॉ डेटा’ म्हणून घ्या: साइन्ड 24 बिट, लिटल एंडियन, 2 चॅनल, 48000. नुसता खरखराट आला तर सुरुवात 1 बाइटने सरकवा, मग 2 ने. 3 ने सरकली तर डावं-उजवं बदलतं, आवाज ठीक असतो. कार्ड कार्यक्रमाआधी फॉरमॅट केलेलं असेल तर डेटा सहसा सलग मिळतो. अधूनमधून फाइली खोडल्या असतील तर तुकडे विखुरतात आणि खरी कटकट तिथं असते. तंत्रज्ञाकडे नमुना मागायचा तर तुम्ही सांगाल त्या मिनिटाचा मागा.

आणि तक्रार? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर उत्तर: तुम्ही स्वखुशीने सेवेचे पैसे दिले, हा व्यवहाराचा वाद. ठाण्यात: ‘भो, गाण्याची किंमत काय लावायची?’ वर, पत्ता पुण्याचा म्हणून तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे. हे सांगितलं तर ‘साहेब आल्यावर बघू’. साहेबांनी ग्राहक आयोगाकडे बोट दाखवलं, तिथं खिडकीवर बिल मागितलं. बिल दिलं नाही हीच तर तक्रार! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे, कलम 2(47). ते कलम छापून नेलं तेव्हा कुठे अर्ज आत गेला.

तुम्हालाही असा कुणी भेटला असेल तर: ग्राहक आयोगाकडे तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, पुण्याला जायची गरज नाही, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. जीएसटी मागणाऱ्याकडे 15 अंकी-अक्षरी क्रमांक मागा आणि पैसे सोडण्याआधी जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. यूपीआयच्या पावत्या आणि चॅट आजच उतरवून घ्या. आमच्याकडच्या अर्ध्या चॅट त्याने ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केल्या.